अर्ध्या गोळीची खूण

ती दवाखान्याचे कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहायची आणि सगळे तिला 'छापखाना' म्हणायचे. नाव डॉक्टरांनी ठेवलं आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. पेशंट घरी निघाला की गोळ्या कशा घ्यायच्या त्याची चिठ्ठी तिच्या प्रोग्रॅममधून पीडीएफ होऊन वॉर्डातल्या प्रिंटरवर यायची. डॉक्टरांच्या अक्षरानं औषधवाल्यांच्या नाकी नऊ आणले होते, ते दुखणं तिनं कायमचं मिटवलं. पूर्वी अर्धी गोळी '1/2' अशी लिहायचे आणि लोक खुशाल 'एक किंवा दोन' वाचायचे. हिनं त्या जागी एकच सुबक खूण घातली, ½. त्या खुणेचं तिला कोण कौतुक!

मग दवाखान्यात नवा सर्व्हर आला. हिनं प्रोग्रॅम त्यावर हलवला, आपल्या टेबलावरच्या स्क्रीनवर एक चिठ्ठी उघडून पाहिली, सगळं जिथल्या तिथे. झालं काम, म्हणून बाई डबा खायला गेल्या. छापलेला कागद हातात घेऊन बघायची सवय तिला कधी नव्हतीच. स्क्रीनवर दिसतं तेच कागदावर येणार, यात बघायचं काय?

काही दिवसांनी वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर चिठ्ठी नाचवत आल्या.

"छापखाना, हे काय गं? 'रोज सकाळी' आणि पुढे एकदम 'गोळी'. अर्धी कुठे गेली?"

तिनं स्क्रीनवर पाहिलं, खूण होती. कागदावर पाहिलं, कोरी जागा. तिनं प्रोग्रॅम उसकून पाहिला तेव्हा उलगडा झाला. स्क्रीनवरची चिठ्ठी तिच्या मशीनमधल्या फॉन्टनं दिसत होती. पीडीएफ मात्र नवा सर्व्हर स्वतःकडच्या फॉन्टनं बनवत होता, आणि त्या फॉन्टमध्ये ही खूणच नव्हती. बरं, प्रोग्रॅमनं चूक तरी दाखवावी! नाही. मेल्यानं मुकाट जागा सोडली आणि पुढे गेला.

तिनं जुना फॉन्ट सर्व्हरवर टाकला. सर्व्हर बंद करून चालू केला. आता कोऱ्या जागेत रिकामा चौकोन यायला लागला. फॉन्ट पीडीएफच्या आतच भरून पाठवायची सोय असते, ती चालू केली. चौकोन ढिम्म हलेना.

"अगं, लोक ह्या चिठ्ठ्या घेऊन घरी गेलेत गं," सिस्टर मागून म्हणाल्या.

"माहितेय हो मला!" ती ओरडलीच.

शेवटी खुणेचा नाद सोडून तिनं सरळ अक्षरात 'अर्धी' छापायला लावलं. या वेळी प्रिंटरपाशी जाऊन उभी राहिली. कागद बाहेर आला, त्यावर 'अर्धी' होतं. एवढं सोपं होतं, तर आधी का नाही सुचलं? तिनं कपाळावर हात मारून घेतला.

मग दोघी फोनला बसल्या. नवा सर्व्हर आल्यापासून जे जे घरी गेले त्या सगळ्यांना गाठायचं होतं. कुणी आभार मानले, कुणी शिव्या घातल्या. एक आजोबा म्हणाले, "काळजी करू नकोस बाळ, मी गोळ्या घेतच नाही." सिस्टरना हसू फुटलं. हिला मात्र रडू आवरेना. सगळे सुखरूप निघाले होते.

"तुझी आई पण नुकतीच इथून घरी गेली ना गं?" सिस्टरनी सहज विचारलं.

"ती सर्व्हर यायच्या आधी गेली. तिची चिठ्ठी जुनी..."

आईची चिठ्ठी जुनी नव्हती. 'बारीक अक्षर दिसत नाही गं मला,' असं आई म्हणाली म्हणून हिनंच परवा मोठ्या अक्षरात नवी चिठ्ठी छापून नेली होती. आईच्या पलंगाशेजारी कपाटावर चिकटवली होती आणि जुनी फाडून टाकली होती. गोळी हृदयाची, नाडी मंदावणारी. कालपासून आई नुसती पेंगत होती. सकाळी निघताना हिनं तिला झापलंसुद्धा होतं, "लोळत काय पडतेस, जरा चालफीर कर!"

आईचा फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

ती चपला शोधत बसली नाही, तशीच धावली. जिन्यात, रस्त्यात, चौकात ती एकच घोकत होती, उचल ना गं आई, उचल ना. दार उघडलं तर आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. हातपाय गार पडलेले. डोळे उघडे होते, पण लेकीला ओळखायलाही तिला वेळ लागला.

आता आई पुन्हा त्याच वॉर्डात, त्याच खाटेवर होती. डॉक्टर एरवी हिची थट्टा केल्याशिवाय पुढे जात नसत. आज ते नजर चुकवून म्हणाले, "नाडी फारच खाली गेलीय. आत्ताच काही सांगता येत नाही."

ती आईचा हात घट्ट धरून बसली. मधेच आईनं डोळे उघडले.

"आधी अर्धीच घेत होते गं," आई पुटपुटली. "नव्या कागदावर अर्धी नव्हतं. म्हटलं, वाढवली असेल डॉक्टरांनी."

"मग मला विचारायचंस ना गं एकदा! एकदा तरी विचारायचंस!"

"तुला काय विचारायचं?" आई म्हणाली. "कागद तूच तर आणला होतास."