भट्टीला वळसा

रोक्कासेर्रात माणूस कुठे राहतो हे कुणी विचारत नाही. कुठल्या संताचा, ते विचारतात. सान जाकोमोचा की सान व्हितोचा? एकाच भिंतीच्या अलीकडे जाकोमोवाले, पलीकडे व्हितोवाले, एकाच विहिरीचं पाणी पिणार आणि मिरवणुकीत एकमेकांची डोकी फोडणार. बाप ज्या देवळाचा, पोरं त्या देवळाची. पोरीचं लग्न झालं की ती नवऱ्याच्या संताकडे गेली, विषय संपला.

व्हेन्निरा जन्मली जाकोमोवाल्यांत आणि नांदायला गेली व्हितोवाल्यांत. त्यामुळे दोन्हीकडचे तिला आपली म्हणायचे आणि दोन्हीकडचे तिच्यावर डाफरायचे. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तिच्याकडे उतारावरची पावाची भट्टी होती, आणि भट्टीवाल्या बाईशी भांडून उपाशी कोण मरणार?

सोळाशे त्र्याण्णवच्या जानेवारीत, रविवारी दुपारी, जमीन हलली. व्हेन्निरा तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. कमरेपर्यंत भट्टीत वाकून राख झाडत होती, म्हणून वाचली. मागे सरकून बाहेर पाहिलं तर गाव नव्हतं. नवरा, सासू, दोन्ही मुली, सगळे प्रार्थनेला गेले होते, आणि देऊळ त्यांच्यावर बसलं होतं. भट्टीला मात्र एक तडा नाही. वरून पाऊस सुरू झाला. उघड्यावर कुडकुडणारी लहान पोरं दिसतील तशी तिने उचलली आणि कोमट भट्टीत पाव लावावेत तशी एकाला एक लावून निजवली. अकरा पोरं, तीन दिवस. कुठलं पोर कुठल्या संताचं हे तिने पाहिलं नाही. तिच्या दोघी त्यात नव्हत्या, तेवढं तिला पुरेपूर कळलं होतं. अकराच्या अकरा जगली.

मग गाव उठलं, पण दोन तुकड्यांनी. व्हितोवाले म्हणाले, "यांच्या उकिरड्यात पुन्हा घरं बांधायची? गेले उडत!" ते वर पठारावर गेले आणि दोऱ्या ताणून सरळसोट रस्ते आखले. जाकोमोवाले खालीच राहिले. बाप जिथे गाडला तिथेच चूल मांडणार, म्हणाले. पंचेचाळीस वर्षं दोघे ईर्ष्येने बांधत होते. याने देवळाला चार खांब लावले की त्याने सहा लावायचे. वरच्यांनी सज्ज्यांखाली जीभ काढलेली दगडी तोंडं बसवली, तीही मुद्दाम खाली बघणारी. पुरुषांनी एकमेकांचं तोंड बघणं सोडलं. बायका मात्र डोक्यावर पिठाच्या गोळ्यांची फळी घेऊन वरून उतरायच्या, खालून चढायच्या आणि मधल्या भट्टीपाशी भेटायच्या. प्रत्येक घराचा पावावर उठवायचा शिक्का वेगळा, म्हणून अदलाबदल नाही. गप्पांना मात्र शिक्का नसतो.

सान जाकोमोचं नवं देऊळ पुरं झालं आणि त्याला जिना हवा झाला. साधासुधा नव्हे, खालच्या चौकापासून उतारावरच्या देवळाच्या दारापर्यंत एका रेषेत दोनशे पायऱ्या. सिराकुसा शहरातून आणलेल्या वास्तुशिल्पकाराने कागदावर रेघ मारली, ती बरोबर भट्टीच्या पोटातून गेली. देवळाचा कारभारी कोराद्दो कागद घेऊन आला.

"मावशी, भट्टी देवाच्या वाटेत आहे."

"असं? चार वर्षांचा होतास तेव्हा हिच्यात मुतलास, तेव्हा नव्हती का देवाची वाट? महिनाभर लोक माझा पाव हुंगून खायचे."

भोवतीचे गवंडी खो खो हसले. अकरांतला एक कोराद्दो होता, हे गावाला ठाऊक होतं. त्यालाही होतं, म्हणून तो जास्तच चिडला.

वरच्यांना सुगावा लागायला वेळ लागला नाही. व्हितोचे पुढारी गोड बोलत आले. "तू आमचीच ना, वहिनी? वर चल. तुला दुप्पट मोठी भट्टी बांधून देतो. फक्त खालच्यांचा पाव भाजायचा नाही."

"बाई लग्न झालं की सासरी जाते," व्हेन्निरा म्हणाली. "भट्टीचं लग्न कुणाशी लागलंय? ती कुठे जात नाही. आणि मीही आता जात नाही. निघा!"

भट्टी पाडायला पहार घेऊन आला तो व्हास्त्यानु, गवंड्यांचा म्होरक्या. त्याने झाकण सरकवलं, आत पाव फुगत होते. त्याने टोपी काढली. आमच्याकडे पाव म्हणजे देवाची कृपा. जमिनीवर पडला तर उचलून मुका घेतात, टेबलावर पालथा ठेवत नाहीत. कृपा आत असताना भट्टीवर घाव घालणारा हात झडेल, हे शेंबड्या पोरालाही माहीत.

"पाव निघाला की येतो, मावशी."

"ये हो. निघाला तर."

त्या दिवसापासून भट्टी रिकामी राहिली नाही. वरच्या आणि खालच्या बायकांनी पाळ्या लावल्या. एकीचे पाव निघायच्या आत दुसरीची फळी हजर. ऑलिव्हच्या काटक्या, बदामाची टरफलं, ज्याच्या घरी जे असेल ते जळण म्हणून येत होतं. व्हेन्निरा त्र्याहत्तर वर्षांची, पण लांब दांड्याचं फावडं तिच्या हातून सुटलं नाही. हिवाळा गेला, ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस सरत आले.

कोराद्दो मात्र शांत होता. एकदा हसत म्हणाला, "येशूच्या मरणाच्या शुक्रवारी काय करशील?"

त्या शुक्रवारी कुणी पीठ मळत नाही, विस्तव पेटवत नाही. मळलेल्या पिठातून रक्त येतं म्हणतात. आणि व्हेन्निरा कितीही तोंडाळ असली तरी देवाशी उद्धट नव्हती. हा नियम ती मोडणार नव्हती. कोराद्दोला ते पक्कं माहीत होतं.

गुरुवारी बायका ईस्टरचे पाव घेऊन आल्या. साल वाईट होतं, पीठ जपून ठेवलेलं. पाव आत गेले आणि व्हेन्निराने झाकणाच्या कडेला चिखल लिंपला. "हे आज काढायचे नाहीत. शनिवारी देवळाच्या ईस्टरच्या घंटा वाजेपर्यंत आतच."

"अगं मावशी, दगड होतील त्यांचे!" एक जण कळवळली. "पोरं ईस्टरला काय खातील?"

"भिजवून खातील. ज्यांना नको त्यांनी आत्ता काढून न्या. मी रागावणार नाही."

कुणी नेला नाही. उलट कोराद्दोच्या आईची मोलकरीण आधीच तीन माशांच्या शिक्क्याचा मोठा पाव ठेवून गेली होती. "बाईसाहेब म्हणाल्या, मुलाने विचारलं तर सांग, नाही विचारलं तर गप्प बस."

शुक्रवारी सकाळी पहारी आल्या. व्हेन्निरा भट्टीच्या तोंडाशी स्टूल टाकून बसली होती, हात मांडीवर. व्हास्त्यानुने चिखल खरवडला. आत ओळीने पाव, वरच्यांचे आणि खालच्यांचे खेटून ठेवलेले. त्याने एक काढून वाजवला. ठक्क.

"हा पाव नाही!" कोराद्दो ओरडला. "दगड आहे हा!"

"मग त्याचीच पायरी बांध," व्हेन्निरा म्हणाली.

व्हास्त्यानुने पाव उलटसुलट केला आणि शिक्का कारभाऱ्यापुढे धरला. तीन मासे. कोराद्दोचा चेहरा उतरला. "आईला बोलवा. तिचा पाव ती काढेल, मग बाकीच्या काढतील."

त्याची म्हातारी आई येरोनिमा काठी टेकत आली. तिने पावाचा मुका घेतला आणि तो सरळ करून होता तिथेच आत ठेवला.

"आई!"

"ओरडू नकोस. एकदा या भट्टीत हिने माझं काय ठेवलं होतं, आठवतंय का तुला? तिने मला ते जिवंत परत दिलं. स्वतःच्या दोन मुली गमावून दिलं. मी माझा पाव काढत नाही. हिंमत असेल तर घाल घाव."

तिने व्हेन्निराशेजारी स्टूलच्या उरलेल्या कोपऱ्यावर बूड टेकलं. वरून बायका उतरल्या, खालून चढल्या, आणि भोवती उभ्या राहिल्या. व्हास्त्यानुने टोपी पुन्हा काढली, झाकण लावलं आणि पहार खांद्यावर टाकून निघून गेला. बाकीचे गवंडी त्याच्या मागे गेले.

शनिवारी घंटा वाजल्या. व्हेन्निराने पाव वाटले, भट्टी पेटवली. गर्दी पांगल्यावर कोराद्दो आला. आईचा पाव त्याने काखेत घेतला, तरी जाईना.

"दात सांभाळून खा," ती म्हणाली.

तो म्हणाला, "मावशी, जिना कुठून वळवू?"

तिने राखेतला कोळसा उचलला, गुडघ्यांवर हात देत वाकली आणि फरशीवर भट्टीला वळसा घालणारी जाड रेघ ओढली.

"इथून. आणि रुंद ठेव. डोक्यावर फळी घेऊन एक वर जाणारी, एक खाली येणारी, दोघींना एका वेळी जाता आलं पाहिजे."