साहेबाच्या घरचं पिल्लू

पोचूला साहेबलोकांचं भारी वेड. जंगलखात्याची जीप गावात शिरली की हा धोतर सावरत रस्त्यावर हजर, आणि जीप दिसेनाशी झाली तरी याचे हात जोडलेलेच. धानोऱ्याकडच्या त्या वीस घरांच्या गावात इतक्या लवचीक कण्याचा माणूस दुसरा नव्हता.

चौऱ्याऐंशीच्या माघात एका साहेबाची बदली झाली आणि बंगल्यावरच्या कुत्रीचं एक पिल्लू पोचूच्या पदरात पडलं. साहेबाला ते नकोच होतं. पण पोचूनं खांद्यावर बसवून ते असं मिरवत आणलं, की जणू सरकारनं जमीनच याच्या नावावर करून दिली! नावही ठेवलं 'साहेब'.

घरात आधीच भुऱ्या होता. दहा वर्षांचा म्हातारा कुत्रा, दिसायला अगदी दरिद्री. पण मोहाच्या दिवसांत पोचूचा जीव त्याच्याच भरवशावर असायचा. मोहफुलं पहाटे गळतात आणि ती माणसाला हवीत तितकीच अस्वलालाही. खाली वाकून फुलं वेचणाऱ्याला अंधुक उजेडात अस्वल कुठलं दिसायला? भुऱ्या आधी गुरगुरायचा, मग भुंकायचा, आणि पोचू टोपली टाकून पळत सुटायचा. असा तीनदा वाचला होता. गावात सांगताना मात्र दर वेळी यानंच अस्वलाला पळवलेलं असायचं.

आता साहेबांचा कारभार सुरू झाला. भुऱ्याच्या कानाला लोंबकळायचं, शेपूट चावायची, झोपला की तोंडावर उडी मारायची. भुऱ्या बिचारा उठून दुसरीकडे जायचा. पिल्लू तिथंही हजर. अगदीच असह्य झालं की तो दात दाखवून गुरगुरायचा, पंजाखाली दाबून धरायचा. पिल्लू केकाटलं रे केकाटलं, की पोचू काठी घेऊन धावला!

"साहेबावर गुरगुरतं बे? औकात पाय आपली!"

त्याची बायको मंगली कळवळायची. "अवो, मारता काऊन त्याले? किती चावाचं, कुठी थांबाचं, थे शिकवून राह्यला तो पिल्लाले."

"मोठ्या घरचं हाय ते! त्याले हा गावठी काय शिकवन?"

"मंग पिल्लाले बांधा घडीभर. म्हाताऱ्याले झोपू तरी द्या."

"साहेबाले बांधू?" पोचू हादरलाच. त्या दिवशी भुऱ्याला दोन काठ्या जास्त पडल्या.

चैत लागेपर्यंत भुऱ्या पुरता सुधारला. पिल्लू कान रक्ताळेस्तोवर ओढायचं आणि हा डोळे मिटून पडून राहायचा. गळ्यातून आवाज म्हणून निघत नव्हता. पोचूनं गावभर सांगितलं, कुत्र्याले वळण लावावं तं आपणच.

मोह गळायला लागला. एका पहाटे साहेबांना दव बाधेल म्हणून त्यांना घरी निजवून, नवरा-बायको भुऱ्याला घेऊन निघाले. मंगली एका झाडाखाली, पोचू पलीकडच्या. भुऱ्या त्याच्या पायाशी.

पोचूनं सहज मान वर केली तर दहा हातांवर अस्वल! भुऱ्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले होते, अंग थरथरत होतं. पण तो अस्वलाकडे पाहतच नव्हता. तो पोचूकडे पाहत होता.

"भुंक! अबे भुंक ना!" पोचू जिवाच्या आकांतानं ओरडला.

तो चढा आवाज भुऱ्याच्या चांगलाच ओळखीचा होता. तो जमिनीला चिकटून पडला. अस्वलानं झडप घातली आणि पोचूचा दंड पार सोलून काढला. मंगली डबा बडवत, किंचाळत धावली नसती तर पोचूचं काही खरं नव्हतं.

आठ दिवस दवाखान्यात काढून तो घरी आला. हात गळ्यात बांधून अंगणातल्या खाटेवर बसला. समोर भुऱ्या पडला होता आणि पिल्लू त्याच्या कानाला लोंबकळून झटके देत होतं. पोचूला ते बघवेना.

"गुरगुर रे बापा," तो म्हणाला. "मी काई नाई करत. एकडाव गुरगुर." आणि त्याला रडूच कोसळलं.

भुऱ्यानं आधी त्याच्या धड हाताकडे पाहिलं. मग डोळे मिटून घेतले.