काकूंची तक्रार

आपांमुळे काकूंची नोकरी राहिली, आणि बहुधा माझीही. हे आधी लिहून ठेवते. काय झालं ते मग.

आपा म्हणजे लातूरच्या आमच्या मुलींच्या हॉस्टेलच्या रेक्टर. मूळच्या नांदेडच्या, शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. मी भोकरकडच्या खेड्यातली, आठवीतच शाळा सुटलेली. इथं आले ती झाडलोट करायला, पुढं ऑफिसातला फोन माझ्याकडं आला. मालक हैदराबादचे, त्यांना मराठी वाचता येत नाही. रोजचे निरोप इंग्रजीत पाठवायचे. चुकलं की परत गावाकडं, एवढंच डोक्यात.

त्या दिवशी स्वयंपाकाच्या काकू पदरानं डोळे पुसत आल्या. "धूर ओढायचा पंखा बंद पडलाय गं. फोडणी देऊन राहिले का रडून राहिले, मलाच कळंना. मालकाला कळीव."

मी मोठ्यानं म्हणत टाइप केलं : कम्प्लेंट ऑफ कुक. काकूंची तक्रार. 'ची' म्हणजे ऑफ, हे मला पक्कं पाठ.

आपा मागं उभ्या होत्या. "ठहर बेटा, भेजू नक्को. तक्रार काकूंनी केली, का काकूंवर झाली?"

"केली की."

"मालकाला ते यातून कसं कळणार?"

आधीच्या स्वयंपाकीणबाईंवर तक्रार गेली, तर मालकांनी काही न विचारता त्यांना काढलं होतं. काकू तर समोरच उभ्या.

"माझं नाव खराब लिवलीस का गं?"

"अजून नाही," आपा म्हणाल्या. "गेलं असतं, तर उद्यापासून तुमच्या जागी ही पोरगीच फोडण्या देत बसली असती."

"मग हॉस्टेलातल्या पोरी लई दिवस टिकत न्हाईत इथं," काकू म्हणाल्या.

आपांनी खुर्ची ओढली. "तक्रार जिच्याकडून आली तिच्याआधी फ्रॉम. जिच्याबद्दल आहे तिच्याआधी अबाउट. कोणाच्या विरुद्ध असली, तर अगेन्स्ट. शब्दालाच विचारायचं, तुझ्यासोबत कोण चालतं."

"लई अवघड हाय, आपा," मी म्हणाले. "मराठीत असलं काही नसतं."

"नसतं? भरोसा कोणावर?"

"माणसावर."

"भीती?"

"कुत्र्याची."

"लग्न?"

"कुणाशी तरी," काकूच बोलल्या.

"कुत्र्यावर भीती का म्हटलं नाहीस? कोणी शिकवलं?"

कुणीच नाही. राग कुणाचा, दया कुणाची, प्रेम कुणावर, वैर कुणाशी... एकेक शब्द मनात म्हणून बघत होते आणि प्रत्येकाच्या सोबत त्याचं त्याचं 'ची', 'वर', 'शी' हजर. आई सारवता सारवता बोलायची, तेव्हापासून हे सगळं माझ्या तोंडात बसलेलं, आणि मी मात्र आपल्याला काहीच येत नाही म्हणून दबून राहायचे.

मग लिहिलं : कम्प्लेंट फ्रॉम कुक, अबाउट फॅन. मालकांचं उत्तर आलं, मेकॅनिक पाठवतो. काकू तोवर चुलीकडं गेल्यासुद्धा.

आपांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. ऑपरेशन त्या नांदेडला करून घेणार म्हणतात, आणि घरी त्या एकट्याच. त्या वेळी मी सुट्टी काढून जाईन, डोळ्यांत थेंब घालीन, त्यांना नीट दिसायला लागेपर्यंत पेपर वाचून दाखवीन. आपा नको म्हणतील. तरी जाईन.