साडूंना धूर जमेना

माझ्या साडूंइतका धुराचा द्वेष करणारा माणूस वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर झाला नसेल, आणि मूठभर धुरासाठी त्यांच्याइतका रडकुंडीला आलेला माणूसही दुसरा झाला नसेल. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात ते बॉयलरवर होते. त्याआधी दुसऱ्या एका केंद्रात, तिथेही बॉयलरवरच. म्हणजे पुरी वीस वर्षं कोळसा जळावा पण धूर दिसू नये, एवढ्याच कामाचा त्यांनी पगार घेतला. सकाळी उठून माणसं सूर्याला हात जोडतात, साडू अंगणात येऊन चिमणी बघायचे. चिमणीच्या तोंडचा रंग बघून रात्रपाळीला कोण होतं ते सांगायचे आणि लगे हात त्याच्या खानदानाबद्दलही दोन शब्द बोलायचे. घरात ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, देवापुढे उदबत्ती लावली की हे ती उचलून खिडकीत नेऊन ठेवणार. देवानं खिडकीशी येऊन वास घ्यावा. कंपनीच्या बसमध्ये कोणी बिडी पेटवली तर इतर लोक 'विझवा' म्हणायचे, साडू म्हणायचे, "जोरात ओढ ना बे, अर्धवट जळून राह्यली!" एका लग्नात तर त्यांनी आचाऱ्याच्या भट्टीतली तीन लाकडं बाहेर काढली, उरलेली तिरपी रचली आणि अशी काही ज्वाळा उठवली की आचारी झारा हातात धरून मागे सरला. भात निम्म्या वेळात झाला आणि बुडाशी बोटभर करपला. वऱ्हाडी तो भात मुकाट्यानं गिळत होते आणि साडू पंक्तीतून फिरत सगळ्यांना विचारत होते, "पण धूर लागला का कोनाले?"

माझं बरोबर उलटं. मी त्याच केंद्रात स्टोअर्समध्ये कारकून. माझा अग्नीशी संबंध आगपेटीपुरता, तोही तिसऱ्या-चौथ्या काडीला. इरई धरणावर एकदा सहलीला गेलो असता मी हौसेनं चूल पेटवायला बसलो. दहाव्या मिनिटाला सगळी सहल सामान उचलून धरणाच्या दुसऱ्या टोकाला गेली. साडू डोळे पुसत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "साडभाऊ, तुम्ही आग नाई लावत. तुम्ही आगीले छळता." त्या दिवसापासून आमच्या दोन्ही घरांत मला गॅसच्या बटणालाही हात लावायची बंदी होती.

तर अशा या माणसाला एका हिवाळ्यात धूर हवासा झाला. ही ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. आमच्या सासूबाई दिवाळीनंतर वारल्या. मार्कंड्याच्या अलीकडे नदीकाठी त्यांचं गाव. चितेची लाकडं साडूंनीच रचली, आणि अशी रचली की शेवटपर्यंत कोणाच्या डोळ्यांत धूर गेला नाही. त्या दिवशी जे पाणी आलं ते आपलं आपण आलं. तेरावं झाल्यावर दोघी बहिणींनी वडलांना बळेच ऊर्जानगरला आणलं. आम्ही जावई त्यांना मामाजी म्हणायचो. मामाजी म्हणजे अख्ख्या पंचक्रोशीत जेवणाला नावं ठेवण्यात पहिला नंबर. सासूबाईंनी पन्नास वर्षं त्यांना जेवू घातलं आणि पन्नास वर्षं त्यांनी ताटावर बसून तक्रार केली: मीठ जास्त, मीठ कमी, भाकर जाड, कालवण पातळ. तक्रार करत करत दुसऱ्यांदा घ्यायचे. साडूंच्या क्वार्टरात आल्यावर मात्र त्यांनी तक्रारच सोडली. काहीही वाढा, दोन घास खायचे, ताट सरकवायचे आणि म्हणायचे, "बरं हाये." ताई पदराआड रडायच्या. "बरं हाये म्हणतेत ना, तेच बरं नाई," असं माझ्या बायकोचं म्हणणं. महिन्या-दोन महिन्यांत मामाजींची बंडी त्यांच्या अंगावर दुसऱ्याची दिसू लागली. त्यात एक दिवस त्यांनी थैली भरून खुंटीला लावली आणि जाहीर केलं की शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला जाईन, तिथून गावाला, आपल्या घरी. त्या घरात आता कोणी नव्हतं. तिकडे ते एकटे काय खाणार होते, हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

शेवटी साडूंनीच विचारलं, "मामाजी, इथी काय कमी हाये? सांगा तरी." मामाजींनी स्वयंपाकघरातल्या गॅसकडे पाहिलं. म्हणाले, "तुमच्या इथी सगळं हाये जी. धूर नाई." मग म्हणाले, "ते चुलीवर मरळ टांगे." ती म्हणजे सासूबाई. तळ्यातली मरळ चिरून, मीठ-हळद लावून, चुलीच्या वर बांबूच्या कामटीला दिवस-दिवस टांगून ठेवायच्या. ती काळपट, धुरकट मासळी मीही खाल्ली होती. बोटं दोन दिवस हुंगावीशी वाटायची.

साडू त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी चिमणी न बघताच माझ्याकडे आले. "साडभाऊ, धुराचं यंत्र घेऊ."

यंत्राचं त्यांच्या डोक्यात आलं त्याला कारण होतं. केंद्रात मशीन बसवायला एक गोरा साहेब आला होता आणि गेस्ट हाउसच्या हिरवळीवर तो एका गोल, टोपणवाल्या, छोट्या लोखंडी भांड्यात कोंबडी धुरवत बसायचा. साडूंनी जाऊन त्या भांड्याला तीन प्रदक्षिणा घातल्या, आत डोकं घालून पाहिलं आणि किंमत विचारली. परत येऊन म्हणाले, "एवढ्यात तर माह्या लग्नाची पंगत उठली होती. आपन आपलं पाहू. लहान पायजे, स्वस्त पायजे आन् अंगनात मावलं पायजे." निवड करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी स्टोअर्सवाला, मला वस्तूंतलं कळतं असा एक गैरसमज घरात होता.

मी पहिल्यांदा निवडला तेलाचा रिकामा पिपा. चौकोनी, हलका, सुबक. साडूंनी खाली जाळ केला, वर तारेला मरळ टांगली. त्यांचा जाळ म्हणजे काय सांगू! निळा, ताठ, सरळ, धुराचं नाव नाही. पाचव्या मिनिटाला पिप्याच्या चारही कोपऱ्यांचे कथलाचे डाग वितळले आणि चार भिंती कमळासारख्या चार दिशांना उमलल्या. मधोमध मरळ, भडकलेली. "पिपा डागाचा असतो हे स्टोअर्सवाल्याले नाई ठाऊक?" साडूंनी विचारलं. मला ठाऊक होतं. आठवलं नव्हतं.

मग मी माझ्या बायकोची लग्नातली पत्र्याची पेटी काढली. ती रिवेटांची होती, उमलण्याची भीती नव्हती. तिच्यावर कमळं आणि पोपट रंगवलेले होते, ते आतल्या बाजूच्या हिरव्या रंगासकट उकळले. मासा हिरवा झाला. पोपट कुठे गेले ते कळलं नाही. बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि पाचव्या दिवशी बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिसरा नंबर कूलरचा. चंद्रपूरकडे उन्हाळ्यात घरातला माणूस एकवेळ बाहेर झोपेल, पण कूलर आत पाहिजे. हिवाळ्यात मात्र तो अंगणात बेवारस उभा असतो. मी म्हटलं, पेटी तयार आहे, जाळ्या आहेत, पायही आहेत. साडूंचे डोळे चमकले. "आन् पंखाही हाये!" धूर ओढून बाहेर फेकायचा पंखा बॉयलरलाही असतो, आणि पंखा दिसल्यावर तो न लावणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मी जाळ्यांतला जुना वाळा काढायचा विसरलो. साडूंच्या जाळानं जो काही धूर चुकूनमाकून केला असेल तो, आणि जळक्या वाळ्याचा सगळा, त्या पंख्यानं गोळा करून एका झोतात समोरच्या क्वार्टरच्या खिडकीत नेऊन सोडला. त्या क्वार्टरात केंद्राचे सेफ्टीवाले साहेब राहत. पाच मिनिटांत घंटा वाजवत आगीचा बंब दारात. टोप घातलेला जमादार नळी घेऊन ओरडत आत आला, "आग कुठी हाये? आग कुठी हाये?" साडू जागचे हलले नाहीत. मोठ्या दुःखानं म्हणाले, "आग उत्तम हाये हो. धूरच होऊन नाई राह्यला." जमादारानं त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मग कूलर, मरळ आणि आम्हाला एकत्रच विझवलं. मासा धुतल्यावर मी जरासा चाखून पाहिला. वाळ्याच्या सरबतात काटे आल्यासारखं लागत होतं.

मामाजी हे सगळं ओट्यावरच्या खाटेवरून बघत होते. एकदाही हसले नाहीत, एकदाही टोकलं नाही. थैली खुंटीला होती आणि शिवरात्र आठवड्यावर आली होती.

शेवटचा उपाय म्हणून मी बुडाला चीर गेलेला पाण्याचा रांजण आणला. कुंभारानं तो फुकट दिला, 'न्या एकदाचा' असं म्हणून. साडूंनी बुडाशी हवेला भोक पाडलं, तोंडात कामट्या बसवल्या, कामट्यांना मरळ टांगली आणि पुन्हा तोच निळा, ताठ जाळ. मासा नुसता भाजला जायचा. साडू चिमट्यानं निखारे हलवत, फुंकर मारत, घामाघूम. वीस वर्षं ज्याला हाकललं तो धूर आता बोलावून येईना. एकदा तर चिमटा टाकून ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मले नाई जमून राह्यलं, साडभाऊ." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मासळी टांगून झाली तेवढ्यात त्यांना ड्यूटीवरून बोलावणं आलं. जाताना मला बजावलं, "नुसतं पाहा. हात नोका लावू." मी नुसतं पाहिलंही असतं. पण जाळ थोडा मंदावला असं मला वाटलं आणि शेजारी धानाच्या कोंड्याचं पोतं दिसलं. मी ओंजळभर टाकायला गेलो आणि पोत्याचं तोंड सुटलं. अर्धा कोंडा रांजणात. ज्वाळा गप्प! एवढी उत्तम आग मी मारली होती. पुरावा लपवावा म्हणून मी ओलं गोणपाट रांजणाच्या तोंडावर टाकलं, खालचं भोक विटेनं अर्धं बुजवलं आणि निष्पाप चेहरा करून बसलो. थोड्या वेळानं गोणपाटाखालून पिवळसर, जाड, आळशी धूर निघू लागला. माझ्या ओळखीचा धूर. इरईवरचा.

खाट करकरली. मामाजी उठून आले होते. त्यांनी वाकून वास घेतला.

"काऊन जी जवाईबापू, हे कोनं केलं?"

"चुकून झालं मामाजी. साडभाऊंना सांगू नका."

"चुकलं ना? मंग असंच चुकू द्या," म्हणाले आणि दुसऱ्या एका विटेवर बसले. दुपारभर बसले. मधूनच गोणपाटावर पाणी शिंपडायचे, मधूनच ते उचलून 'हे उलटी टांगली' म्हणून मरळीकडे बोट दाखवायचे. मी ती सुलटी टांगायचो.

साडू संध्याकाळी आले तेव्हा त्यांच्या अंगणातून काळा-पिवळा धूर साऱ्या लाइनीत पसरला होता. वीस वर्षांच्या अब्रूचा असा धूर झालेला पाहून ते फाटकातच थबकले. मग धावले. चिमटा उचलून भोकातली वीट काढायला वाकले, आणि मामाजी म्हणाले, "हात नोका लावू जवाईबापू."

साडूंनी हात मागे घेतला. मग तो हात पाठीमागे नेऊन दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला. तसेच उभे राहिले, डोळ्यांतून पाणी गळत, खोकत, धुराकडे बघत.

त्या रात्रीच्या ताटात ती मरळ आली. आम्ही कोणी घास उचलला नाही. मामाजींनी एक तुकडा तोंडात टाकला, चावला, पुन्हा चावला. ताईंनी माझ्या बायकोचा हात धरला होता.

"मीठ जास्त झालं," मामाजी म्हणाले.

ताईंनी तोंडाला पदर लावला.

"आन् कोंड्यानं कोठी होते? मोहाची ढलपी पायजे थोडी. तुमच्या मायच्या हातची अशी नोयती." मग ताट पुढे सरकवून म्हणाले, "घाल आनखी एक."

शिवरात्रीला ते जत्रेला गेले, पण थैली खुंटीलाच ठेवून. येताना मोहाची ढलपी घेऊन आले. पुढे सहा वर्षं ऊर्जानगरच्या त्या क्वार्टरात ते जेवणाला नावं ठेवत राहिले.

आता मामाजी नाहीत. साडूही रिटायर होऊन चिमूरला राहतात. अजून हिवाळ्यात एकदा माझ्याकडे येतात, मी चुकून धूर करतो आणि आम्ही दोघं रांजणाशी बसतो. त्यांचा हात सवयीनं भोकाकडे जातो, अर्ध्यातून परत येतो. मी म्हणतो, "भाऊ, वारा तिकडून आहे, इकडे सरका."

"राहू द्या जी," म्हणतात, आणि धुराच्याच बाजूला बसून राहतात.