सोडा म्हटलं की सोडायचं

थंडी पडली की लोक पेटीतून स्वेटर काढतात, आमच्या घरी पोहायचे कपडे निघाले. संक्रांत झाली की रामेश्वरमच्या बाजूला जायचं आणि समुद्रात एका फळीवर उभं राहून, मोठ्या पतंगीच्या ओढीनं पाण्यावरून पळायचं, असं नवऱ्यानं ठरवलं होतं. याला म्हणे काइटसर्फिंग म्हणतात. हिवाळ्यात तिकडे वारा चांगला असतो आणि पाणी कोमट असतं, हे तो मला रोज ऐकवायचा. कोमट पाण्यात माणूस बुडत नाही असं थोडंच आहे?

हे खूळ कुठून आलं ते मला ठाऊक होतं. लग्न झाल्यापासून दर संक्रांतीला गच्चीवर त्याची मांजाची चक्री मीच धरत आले होते. बोट कापलं तरी मांजा सोडायचा नाही, हा त्याचा धर्म. मग बाजारात नायलॉनचा मांजा आला आणि आमच्याच रस्त्यावर एका स्कूटरवाल्याचा गळा चिरला. माणूस वाचला, पण त्या संध्याकाळी नवऱ्यानं चक्री माळ्यावर टाकली ती टाकलीच. पुढं जानेवारी आली की तो पिंजऱ्यातल्यासारखा घरभर फिरायचा. मोबाइलवर हा खेळ पाहिला तेव्हा त्याचा चेहरा असा काही उजळला, की माझ्या तोंडून 'नाही' निघेना. तिकिटं काढली. माझंही काढलं, कारण काठावर बसून जीव मुठीत धरायला कुणी तरी हवंच होतं.

तिथं शिकवणाऱ्या बाई फोनवर हिंदीत बोलायच्या. त्यांनी आधी एक छोटी शिकाऊ पतंग मागवायला सांगितली. तिच्या दोऱ्या एका दांडीला बांधलेल्या असतात आणि दांडीचा पट्टा मनगटाला असतो. वाऱ्यानं फार ओढलं तर दांडी सरळ सोडून द्यायची. पतंग उडून जात नाही, तिच्यातला जोर जातो आणि ती खाली पडते. जो घाबरून दांडी घट्ट धरतो तो फरफटत जातो. आणि कुणी फरफटत असेल तर त्याला धरायला धावू नका, हेही त्यांनी मला दोनदा बजावलं. मी मान डोलावली, पण कान 'दांडी सोडून द्यायची' यावरच अडकले होते. ज्यानं जन्मात डोर सोडली नाही, तो समुद्रात सोडेल?

शहराच्या कडेला, बेसाला आमच्या घरामागं मोकळं लेआउट आहे, प्लॉट पाडलेले पण घरं न झालेलं. तिथं पहिल्याच दिवशी वाऱ्याचा झोत आला. मी ओरडले, "सोडा!" त्यानं सोडलं नाही. उलट टाचा रोवून त्यानं पतंग अशी खेचली, की तोंडावर पडला आणि गोखरूच्या काट्यांतून घसरत गेला. गुडघे सोलले, पँट फाटली, आणि दांडी हातात तशीच.

"अहो, काहून नाही सोडलं तुम्ही?"

"अवं, हातातली डोर कोणी सोडते का? पोट्टे हासतीन."

"समुद्रात कोणते पोट्टे येऊन राहिले हासाले? इथं सोडलं नाही, तर मी तिकिटं कॅन्सल करते. सांगून ठेवते."

मला राग आला होता आणि त्या रागाखाली नुसती भीती होती. मग मी घरीच तालीम लावली. मी "सोडा" म्हटलं की हातात असेल ते टाकायचं. पेपर पडला, टॉवेल पडला, संत्र्यांची पिशवी पडली आणि संत्री जिन्यावरून थेट खालच्या वहिनींच्या दारात गेली. वहिनींनी विचारलं, "भांडून राहिले का वं?" मी म्हटलं, "नाही, शिकून राहिलो." घरात तो पटकन सोडायला लागला. पण संत्र्यांना वारा थोडाच ओढतो.

निघायच्या आधीच्या रविवारी पुन्हा लेआउटमध्ये गेलो. वारा चांगला सुटला होता. पतंग वर गेली, त्यानं ती डावीकडे नेली, उजवीकडे नेली, आणि मला क्षणभर गच्चीवरचा तो जुना माणूस दिसला. तेवढ्यात झोत आला. त्याची पावलं घसरायला लागली. समोर कुंपणाची काटेरी तार होती. "सोडा" म्हणायचं मला सुचलंच नाही. मी धावले आणि मागून त्याचा शर्ट दोन्ही हातांनी धरला. आता दोघंही ओढले जाऊ लागलो. माझी चप्पल गेली, शिवण उसवल्याचा आवाज आला.

मग त्यानं हात उघडले. कुणी सांगितलं नव्हतं. पतंग फडफडली आणि तारेच्या अलीकडं गवतात पडली.

तो धापा टाकत उभा होता. दोन्ही रिकामे तळवे त्यानं खांद्यांवरून मागं करून मला दाखवले. मला रडू आलं आणि मी रडले.

"झालं ना वं, सोडलं ना मी," तो म्हणाला. "आता मले सोड."

मी हो म्हटलं. त्यानं मान वळवून मागं पाहिलं.

"मंग आता तिकीट कोणाचं कॅन्सल कराचं?"

शर्ट अजून माझ्या मुठीतच होता.