लक्ष्मणरावांच्या पावाला पडलेली भोकं

आमच्या मजल्यावरचे लक्ष्मणराव वाल्हेकर चाकणच्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं इन्स्पेक्टर होते. फाउंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यात ओतून गाड्यांचे भाग काढतात. ओतताना आत हवा अडकली की त्या भागात भोक राहतं. तिथले लोक त्याला ब्लो-होल म्हणतात. असं भोक शोधायचं आणि त्या भागावर लाल खडूनं फुली मारायची, हे लक्ष्मणरावांचं काम. माणूस इतका कामाशी एकनिष्ठ, की मेदूवडा ते आजही खात नाहीत.

रिटायर झाल्यानंतर चौथ्या दिवशी मी त्यांचा पेपर परत द्यायला गेलो होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. लक्ष्मणराव जेवायला बसले होते. त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला आणि भाकरीची जाडी मोजली. मग ती उजेडासमोर धरली, डावा डोळा मिटला, खिशातून लाल खडू काढला आणि भाकरीवर फुली मारली.

रंभावहिनी तव्याजवळ उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी गॅस बारीक केला, हात पदराला पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, एकतीस वर्षांत तुम्ही स्वतः काय बनवलंत?"

"मी? मी क्वालिटीला होतो."

"तेच म्हणते. लोकांनी बनवायचं आणि तुम्ही फुल्या मारायच्या. आता ऐका. आजपासून ताटावर बसलं की तोंड फक्त खायला उघडायचं. मीठ कमी, भाकरी जाड, काही म्हणजे काही बोलायचं नाही. ज्या दिवशी स्वतःच्या हातानं खाण्यासारखी एक वस्तू बनवाल आणि ती तुम्ही स्वतः पास कराल, त्या दिवशी परत बोला."

"मीच पास करायची?"

"तुम्हीच."

लक्ष्मणराव मिशीत हसले. परीक्षक आपणच म्हटल्यावर अवघड ते काय? वहिनीही हसल्या. त्यांच्या हसण्याचा अर्थ मला तीन आठवड्यांनी कळला.

त्याच संध्याकाळी त्यांची मुलगी तनुजा ताथवड्याहून एक काचेची बाटली घेऊन आली. ती कंपनीच्या ट्रेनिंगला चेन्नईला निघाली होती. बाटलीत कालवलेलं पीठ होतं आणि त्याला बुडबुडे येत होते. "बाबा, हा माझा स्टार्टर. याला रोज थोडं पीठ आणि पाणी घालायचं, नाहीतर मरतो. यीस्ट न घालता याच्यावरच पाव फुगतो. तीन आठवड्यांनी रविवारी येऊन घेऊन जाईन."

वहिनींनी बाटलीचा वास घेतला. "आमच्या भिवामामासारखा आहे. दिवसभर खायचं, फुगायचं आणि आंबट ढेकर द्यायचे." तेव्हापासून बाटलीचं नाव भिवा पडलं.

लक्ष्मणरावांनी वस्तू ठरवली: पाव. भिवाला सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा अशा तीन शिफ्टमध्ये खायला मिळू लागलं. फ्रिजवर तक्ता लागला. भिवाची उंची दर शिफ्टला मोजली जाई. दुसऱ्या शिफ्टचे लक्ष्मणराव पहिल्या शिफ्टच्या लक्ष्मणरावांच्या सहीत खोट काढत.

पहिला पाव नवशिक्याच्या नशिबानं उत्तम झाला. वरून खरपूस, आतून मऊ. लक्ष्मणरावांनी तो मधोमध कापला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

आत भोकंच भोकं होती! लहान, मोठी, काही तर करंगळी जाईल एवढी.

"एका तुकड्यात बेचाळीस," ते पुटपुटले. "राव, असा माल गेला असता तर कंपनीला टाळं लागलं असतं." त्यांनी पावावर फुली मारली. तो बाद पाव मी चहात बुडवून खाल्ला. म्हटलं, अहो, झकास झालाय की. तर म्हणाले, "तुम्हाला क्वालिटीतलं काय कळतंय!"

मी वहिनींकडे पाहिलं. त्याही एक तुकडा खात होत्या आणि खिडकीबाहेर बघत होत्या.

मग सुधारणा सुरू झाल्या. फाउंड्रीत वाफ बाहेर पडावी म्हणून वाळूच्या साच्याला तारेनं टोचतात. लक्ष्मणरावांनी वहिनींची स्वेटर विणायची सुई घेतली आणि फुगलेल्या पिठाला दीडशे ठिकाणी भोसकलं. पीठ फुस्स करून बसलं. दुसऱ्या पावात भोकं कमी निघाली, पण निघाली. तिसऱ्या वेळी पिठाचं भांडं वॉशिंग मशीनवर ठेवून मशीन सुरू केलं, म्हणजे हादऱ्यानं हवा वर येईल. हवा आली नाही. भांडंच खाली आलं. चौथ्यावर लाटणं फिरलं. पाचवा सध्या आमच्या बाल्कनीचं दार वाऱ्यानं आपटू देत नाही.

सातवा पाव मात्र निर्दोष होता. कापताना सुरीची मूठ निघाली, म्हणून करवत आणावी लागली. आत एकही भोक नाही! लक्ष्मणरावांचे डोळे भरून आले. "झीरो ब्लो-होल!" ते मला मिठी मारत म्हणाले. "रंभा, पास!"

"खाण्यासारखी वस्तू ठरली होती," वहिनी म्हणाल्या. "खा."

दोन दिवस लक्ष्मणराव डाव्या दाढेवर हात ठेवून फिरत होते. जेवताना काही बोलायची सोयच नव्हती, आणि परवानगीही नव्हती. एकदा आमटीत मीठ पडलंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बुडणाऱ्या माणसासारखं पाहिलं आणि वाटी रिकामी केली.

असे तीन आठवडे गेले आणि तो रविवार उजाडला. दुपारी तनुजा येणार आणि भिवाला नेणार. एकच पाव करण्यापुरता वेळ उरला होता. ठरवलेली वस्तू मधेच बदलणं क्वालिटीच्या नियमात बसत नव्हतं, म्हणून हा बिघडला तर जन्मभर गप्प जेवायचं. लक्ष्मणरावांनी शेवटचा उपाय केला आणि रोहिदासला बोलावलं. रोहिदास देहूचा, त्याच फाउंड्रीत साचे भरायचा. वीस वर्षं त्याच्या मालावर लक्ष्मणरावांनी फुल्या मारल्या होत्या.

तो सकाळी आठलाच आला. फ्रिजवरचा तक्ता वाचला, सुई पाहिली आणि पोट धरून सोफ्यावर बसला.

"साहेब, तुमी स्वतः माल काढताय? आन् त्यात होल येतंय? आरं देवा, आज मरान आलं तरी चालंल!"

"हसू नकोस रोहिदास. उपाय सांग."

"सांगतो की. आधी मला एक सांगा, त्या दिवाळीच्या आधी तुमी माझे गिअरबॉक्सचे चाळीस हौसिंग बाद केले व्हते. त्यात खरंच होल व्हतं का?"

"होतं म्हणजे? साफ दिसत होतं!"

"न्हाई साहेब. ती धूळ व्हती."

झालं. त्या चाळीस हौसिंगवर दोघं तीन तास भांडले. कागदावर आकृत्या निघाल्या. मधल्या काळात वहिनींनी दोनदा चहा दिला आणि एकदाही पिठाची आठवण करून दिली नाही. सुई तशीच पडून राहिली. कुणीच न टोचल्यामुळे पीठ आपलं सुखानं फुगत राहिलं. साडेअकराला लक्ष्मणरावांना भान आलं, तेव्हा टोचायला वेळच नव्हता. पीठ तसंच ओव्हनमध्ये गेलं.

तनुजा आली तेव्हा पाव टेबलावर होता आणि लक्ष्मणराव हातात लाल खडू घेऊन उभे होते. तिनं सुरी घेतली आणि पाव कापला.

"बाबा! केवढी सुंदर जाळी!"

"जाळी कसली? भोकं आहेत ती. बाद माल आहे."

"अहो, यासाठीच तर सगळी धडपड असते! अनारशाला पडते ना, तशी जाळी. भोकं नसली तर पाव बिघडला म्हणतात."

लक्ष्मणरावांचा खडू हवेतच थांबला. ते सावकाश वळले. "रंभा, तुला हे ठाऊक होतं?"

"चौतीस वर्षं अनारसे करतेय," वहिनी म्हणाल्या. "जाळी मला कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"घरात किती छान शांतता होती."

रोहिदास पुढे झाला. "ते ऱ्हाऊ द्या. साहेब, होल हाय का न्हाई?"

"आहे."

"तरी पास?"

लक्ष्मणरावांनी एक तुकडा तोंडात टाकला. चावला. दाढ दुखली नाही. एकतीस वर्षं एका बाजूला आणि आमटीतलं मीठ दुसऱ्या बाजूला, अशी ओढाताण त्यांच्या चेहऱ्यावर आम्हाला स्पष्ट दिसत होती.

"पास," ते म्हणाले.

"लिवून द्या."

त्यांनी लिहून दिलं: 'भोके आहेत, तरी माल पास. ल. वाल्हेकर.' रोहिदासनं तो कागद लॅमिनेट करून घेतला आणि आता तो त्याच्या दिवाणखान्यात नातवाच्या फोटोशेजारी लावलाय.

मग आम्ही सगळे जेवायला बसलो. वहिनींनी पिठलं-भाकरी वाढली आणि सगळे लक्ष्मणरावांच्या तोंडाकडे बघू लागलो. त्यांनी भाकरी उचलली, उजेडासमोर धरली आणि डावा डोळा मिटला. कडेला एक बारीक भोक होतं. त्यातून उजेडाचा ठिपका त्यांच्या नाकावर पडला.

"रंभा," ते जपून म्हणाले, "ही जाळी म्हणायची का?"

वहिनींनी वाकून पाहिलं.

"नाही. भोकच आहे ते. माझ्याकडून भाकरी फाटली."

लक्ष्मणरावांचा चेहरा असा उजळला, की विचारू नका. त्यांनी त्या भाकरीवर भरपूर पिठलं घेतलं आणि सगळ्यात आधी तीच संपवली.