मागच्या जिन्याची पायरी

आमच्या बिल्डिंगच्या मागच्या जिन्याला जी पहिली पायरी आहे ना, तिच्याबद्दल मी आजवर कुणापाशी तोंड उघडलेलं नाही. बायकोपाशी नाही, भागीदारापाशी नाही. ज्या गवंड्यानं ती बसवली, त्यानंही पुन्हा कधी विषय काढला नाही. तुला सांगतोय, गड्या, कारण तू माझ्या गावचा नाहीस. गावच्या माणसापुढं हे बोलायची माझी छाती नाही.

पण एकदम पायरीपाशी जाता येत नाही मला. आधी धंद्याचं सांगतो — म्हणजे माणूस कसला आहे ते कळेल.

मी साताऱ्यात इमारती बांधतो. परवानगी एक काढतो, बांधतो दुसरंच. सगळेच असं करतात, म्हणणार होतो — पण राहू दे, सगळ्यांचं मला काय करायचंय? मी करतो. मग ‘काम थांबवा’ म्हणून नगरपालिकेची नोटीस येते. ती येणार हे आम्हाला आणणाऱ्या शिपायाच्या आधी कळतं. बाहेरनं हिरवी जाळी लावायची. शुक्रवारी कचेरी सुटली की स्लॅबची तयारी, आणि सोमवारी साहेब खुर्चीत बसायच्या आत स्लॅब पडलेला. नोटीस हातात घ्यायची नाही; वॉचमननं सांगायचं, मालक देवाला गेलेत. भिंतीला चिकटवून गेले तर वरनं चुना मारायचा. आमच्यातला एक पठ्ठ्या तर दगडाला शेंदूर फासून प्लॉटच्या कोपऱ्यात मांडतो. पाडायला आलेली माणसं देवाला बघून कचरतात. मी त्याला लय हसायचो.

मी दगड नाही मांडला. मी माणूस मांडलं.

हिराकाकू. विलासची आई.

विलास आणि मी एका आळीतले. आमचं गाव मेढ्याच्या वर, डोंगरात. दोघंही मिलिटरी भरतीला गेलो होतो. त्याची छाती मापात बसली, माझी कमी पडली. तो पलटणीत गेला, मी एका सेंट्रिंगवाल्याच्या हाताखाली. सुट्टीवर आला की माझ्या साईटवर वाळूच्या ढिगावर बसून राहायचा. म्हणायचा, “दिल्या, एक खोली मलाबी बांध की रं. पेन्शनीत आलो की भरतीच्या पोरांना शिकवीन.” पेन्शन कुठली? बर्फात गेला. पेटी गावात आली तेव्हा सगळं खोरं लोटलं होतं. आणि मी — सगळ्यांच्या देखत — काकूंच्या पायावर डोकं ठेवून म्हणालो, काकू, आजपासनं मी तुमचा पोरगा.

खोटं होतं का ते? नव्हतं. मी हमसून हमसून रडत होतो. रडणारा माणूस खोटं बोलत नाही असं तेव्हा मलाही वाटायचं.

मग रस्त्याकडेची ही बिल्डिंग आली. नकाशावर तळाला गाड्या लावायची जागा दाखवली होती. मी तिथं भिंती उठवल्या, कारण रस्त्याकडेचा गाळा म्हणजे सोनं. नोटीस आली. जाळी, चुना, देवाला गेलेत — सगळं करून झालं. पण ह्या वेळच्या इंजिनियर मॅडम नवीन होत्या आणि खमक्या होत्या. त्यांनी निरोप धाडला, गुरुवारी माणसं घेऊन येते, भिंती पाडते.

त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं. मला कुणी सुचवलं नाही हे लक्षात ठेव. वकिलानं नाही, भागीदारानं नाही. विलासची ती वाळूच्या ढिगावरची खोली मला अगदी वेळेवर आठवली.

काळ्या ग्रॅनाईटची पाटी करून घेतली. सोनेरी अक्षरं — ‘शहीद जवान विलास अभ्यासिका’. गाळ्याच्या दारावर बसवली आणि गाडी काढून गावाला गेलो. काकू अंगणात नाचणी पाखडत होत्या. मी म्हणालो, काकू, विलासच्या नावानं अभ्यासिका काढतोय, डोंगरातली पोरं येऊन भरतीचा अभ्यास करतील. पण सरकार पाडायला निघालंय. तुम्ही आलात तर राहील.

काकूंनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, “त्येला पुस्तकाचा लय कटाळा हुता.” मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, “पन नाव ऱ्हाईल.” आणि ठेवणीतलं लुगडं नेसायला आत गेल्या.

साईटवर आल्यावर पाटीपाशी उभ्या राहिल्या. वाचता येत नाही त्यांना. म्हणाल्या, “ह्यात इलास कुटं हाय?” मी त्यांचं बोट धरून ‘वि’वर ठेवलं, तिथनं ‘स’पर्यंत नेलं. त्या पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिल्या. मी घड्याळाकडं बघत होतो. मॅडम यायची वेळ झाली होती.

त्यांना मी खुर्चीत बसवलं. पाटीखाली, उन्हात, मांडीवर विलासचा वर्दीतला फोटो. सावलीत का नाही? सावलीत रस्त्यावरनं दिसल्या नसत्या. म्हणालो, काही झालं तरी उठायचं नाही.

मॅडम आल्या. माणसं आली, घण आले. काकूंना बघून मॅडम थबकल्या. फोटो बघितला, पाटी वाचली. मग वाकून काकूंच्या पाया पडल्या. साताऱ्याकडं कुणाच्या घरात मिलिटरीतला माणूस नाही? त्यांच्याही असेल. त्यांनी विचारलं, “आजी, उन्हात कुणी बसवलं तुम्हाला?”

मी मागं उभा होतो.

काकूंनी माझ्याकडं हात केला. “ह्यो माजा पोरगाच म्हनत हुता सावलीत बसा म्हनून. मीच नगं म्हनलं.”

मी असलं काही म्हटलं नव्हतं. पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. त्या बाईनं — जिनं आयुष्यात कुणाला फसवलं नसेल — माझ्यासाठी जागच्या जागी खोटं सांगितलं, कारण पोराची अब्रू आईनं झाकायची असते. मॅडमनी माझ्याकडं एकदा बघितलं. मला वाटतं, त्यांना सगळं कळलं. पण घण परत गाडीत गेले. पुढं अभ्यासिका म्हणून दंड भरून भिंती कायम झाल्या, काम थांबवायचा हुकूम उठला. भागीदारानं पेढे वाटले. मीही खाल्ला.

अभ्यासिका काढली की नाही, असं तू विचारशील. काढली. चार टेबलं, दोन पंखे. डोंगरातली काही पोरं यायला लागली होती. मग मोबाईलवाल्यानं गाळा मागितला, शेजारचा बेकरीवाल्यानं. दोन्ही देऊन टाकले. पोरांना म्हणालो, जागा बघतोय दुसरी. बघितली नाही.

पाटी दारावरनं उतरवली. आता येतोय बघ मी पायरीपाशी.

मागच्या जिन्याची पहिली पायरी बसवायची राहिली होती. गवंड्यानं पाटी उचलून आणली आणि विचारलं, “मालक, हिचं काय करू?” मी फोनवर होतो, दुसऱ्या एका साईटच्या खडीचा भाव चालला होता. मी म्हणालो, “घाल पालथी.”

झालं. एवढंच. फोनसुद्धा खाली ठेवला नाही मी. गवंडी जरा थांबला, माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी हात हलवला — घाल, घाल. त्यानं खाली सिमेंटचा माल पसरला आणि विलासचं नाव त्या ओल्या मालात दाबून पाटी बसवली. वरची बाजू गुळगुळीत, काळीभोर. लोक म्हणतात, पायरीला चांगला दगड वापरलाय.

काकूंना सांगितलं, पाटी पॉलिशला दिलीय.

गेल्या वर्षी विलासच्या पुण्यतिथीला काकू न सांगता एसटीनं आल्या. पिशवीत झेंडूचा हार. पुढनं आत जायला वाट नव्हती, रस्त्यापर्यंत गाड्याच गाड्या लागलेल्या. लागणारच. गाड्यांची जागा मीच खाल्ली होती. म्हणून त्या वळसा घालून मागं गेल्या. मला कुणी तरी सांगितलं, तुमच्या गावची म्हातारी आलीय. धावत गेलो, तर काकू जिन्याच्या सावलीत बसलेल्या.

त्या पायरीवर.

चपला खाली काढून ठेवलेल्या. मांडीवर फडकं सोडलेलं, त्यात नाचणीची भाकरी आणि ठेचा. अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढं केली. “बस की.” मी उभाच. “आरं बस, दिल्या. असा काय परक्यावानी हुबा ऱ्हातोस?”

तेव्हा तरी सांगायचं होतं ना? तेव्हा तरी? तोंड उघडलं मी. आणि त्यात भाकरी घातली. त्यांच्या शेजारी बसलो, त्याच दगडावर, आणि अर्धी भाकरी संपवली. आवडली मला. हेही सांगून टाकतो.

काकूंनी विचारलं, “पाटी आली का रं?”

“यायचीय, काकू.”

“मग ह्यो हार तू ठेव. आली की घाल. मला आता एश्टीत चडवत न्हाई.” मग उठायच्या आधी दगडावर तळहात टेकवला, जरा वेळ तसाच ठेवला. “गार हाय गं बाई,” स्वतःशीच म्हणाल्या, “बरं वाटलं हितं बसून.”

त्यांना स्टँडवर नेऊन एसटीत बसवून दिलं. हार गाडीच्या डिकीत राहिला. वाळला, तेव्हा टाकून दिला.

पायरी तिथंच आहे. सकाळी तिच्यावरनंच मी वर ऑफिसला जातो.